खुर्च्यांची तोंडे कुणीकडे?

अध्यक्षमहोदय, कार्यकर्ते आणि मित्रहो,

गेल्या महिन्यात आपल्या गणेशोत्सवाहून परतताना माझ्या नऊ वर्षांच्या नातीने गाडीत विचारले, "आजोबा, तुम्ही मित्रांना भेटायला गेला होतात ना? मग ते सगळा वेळ तुमच्याकडे पाठ करून का बसले होते?" तिने हे इंग्रजीत विचारले आणि मी मराठीत सांगतो आहे, त्या फरकाकडे पुढे येईनच. इमारतींचे नकाशे काढण्यात माझी चाळीस वर्षे गेली, तरी त्या दिवशी तीन तास पुढच्या रांगेतल्या स्नेह्याचे टक्कल पाहत बसताना हा प्रश्न मला सुचला नव्हता.

या विषयावरचा एक जुना प्रयोग आपल्या कॅनडातच झालेला आहे. सस्कॅचेवानमधील वेबर्नच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ होते. काही जागा माणसांना जवळ आणतात आणि काही दूर लोटतात, हे त्यांनी हेरले होते. तेथेच रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञांना वृद्ध स्त्रियांच्या नव्याने सजवलेल्या वॉर्डात असे दिसले की खुर्च्या भिंतीलगत खांद्याला खांदा लावून मांडलेल्या आहेत आणि बायका दिवसभर गप्प आहेत. त्यांनी खुर्च्या लहान टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला त्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे परतत राहिल्या, कारण सगळ्यांना तीच सवय होती. पण नवी मांडणी नेटाने टिकवल्यावर आपापसांतले बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. बायका त्याच होत्या.

भिंतीकडे परतणाऱ्या त्या खुर्च्या मला फार ओळखीच्या वाटतात. गेल्या कोजागरीला आपण खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि मसाला दूध येईपर्यंत त्यांच्या पुन्हा रांगा झाल्या. पहिली खुर्ची ओढणारा मीच होतो, कारण मला माइक दिसत नव्हता.

खरे तर आपल्या मंडळाची बैठक भरते ती कोट टांगण्याच्या दांडीपाशी. एका बाहीत हात गेलेला असतो, दुसरी लोंबत असते, "चला, निघतो" तीनदा म्हणून झालेले असते आणि तेव्हा कुठे कुणीतरी आईच्या आजारपणाचे मनापासून सांगू लागते. तिथे माणसे तिरकी उभी असतात, नजर चुकवता येते, तिसरा सहज येऊन मिसळतो आणि चौथा न सांगता निघू शकतो. चाळीच्या गॅलरीत, पारावर किंवा घरापुढच्या ओट्यावर याहून निराळे काय होते? ओटा धड आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता, त्यामुळे तिथे टेकायला आमंत्रण लागत नसे आणि उठायला सबब लागत नसे. अशी जागा सभागृहात मुद्दाम करावी लागते: चहाचे टेबल कोपऱ्यातून मध्यावर आणणे, दाराजवळ दोन बाकडी ठेवणे, स्पीकरचा आवाज कमी करणे. कानाला यंत्र लावलेल्यांना त्या गोंगाटात शेजारच्याचे एक अक्षर कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आता घरांविषयी, आणि येथे थोडे रागावण्याची परवानगी द्या. आपण जेवायला बोलावतो तेव्हा पुरुष टीव्हीसमोर, बायका स्वयंपाकघरात आणि मुले पिझ्झा घेऊन तळघरात, अशी तीन मजली पांगापांग करतो आणि मग मुले मराठी बोलत नाहीत म्हणून मंडळात ठराव मांडतो. आपल्याला मराठी शिकवली कुणी? ओसरीवर खेळताना मोठ्यांचे हेवेदावे, कुजबुज, न ऐकण्याजोगे सारे कानांवर पडत होते. या मुलांच्या कानांवर काय पडावे? मधे दोन जिने आणि एक बंद दार आहे.

दिवाळीसाठी मी सभागृहाचा नवा नकाशा काढला आहे: आठ-आठ खुर्च्यांची वर्तुळे, मध्यावर चहा. मोठ्या अभिमानाने तो नातीला दाखवला. तिने बराच वेळ बोट फिरवले आणि विचारले, या वेळी मराठीतच, "मी कुठे?"

मुलांची खोली मी खालच्या मजल्यावर दाखवली होती.