इंग्रजी कवितेची मात्रा मोजू नका, जोर ऐका | स्कॅन्शन, राइम आणि बाकीची मंडळी

नमस्कार मंडळी. परीक्षा जवळ आली की माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न सुरू होतो, "मॅडम, स्कॅन्शन कसं करायचं?" स्कॅन्शन म्हणजे कवितेच्या ओळीतला ठेका खुणा करून दाखवणं. एकाने तर सरळ लिहिलंय, "आयाम्बिक पेंटामीटर बघून डोकं फिरूलंय." बाबा रे, हा व्हिडिओ तुझ्यासाठीच.

आधी सोप्या गोष्टी भराभर उरकते. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक. 'तिचा गळा कोकिळेसारखा' ही सिमिली, 'ती आमच्या वर्गाची कोकिळा' हा मेटाफर. वारा रुसला, डोंगर हसला, की पर्सॉनिफिकेशन. फुगवून सांगितलं की हायपरबोली. त्याला 'हायपरबोल' म्हणू नका, तोंडी परीक्षेत तेवढ्यावरून बाई चष्म्यावरून बघतात. दोन उलटे शब्द शेजारी आले की ऑक्सिमोरॉन. सॉनेटच्या, म्हणजे सुनीताच्या, ओळी १४. हे सगळं मराठीच्या तासाला अलंकार म्हणून शिकलाय की तुम्ही. पुढे.

ब्लँक व्हर्सला यमक नसतं पण मीटर, म्हणजे जोराचा ठरलेला ठेका, असतं, फ्री व्हर्सला ठरलेलं काहीच नसतं. ह्या दोन्हींत गोंधळ घालून लोक दर वर्षी हातचे मार्क घालवतात. आणि अ‍ॅलिटरेशन (अनुप्रास) आवाजाचं असतं, स्पेलिंगचं नव्हे. 'नाइफ' लिहिताना सुरुवात 'के'ने होत असेल, पण त्याची जोडी 'नाइट'शी लागेल, 'किंग'शी नाही. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी'ने सुरू होतात म्हणून त्यांना अ‍ॅलिटरेशन म्हणून अधोरेखित केलेला पेपर बघितला की मला पेन खाली ठेवून चहा करायला जावं लागतं.

आता खरं दुखणं. स्ट्रेस, म्हणजे उच्चारातला जोर.

आपली पोरं मराठी शाळेत लघु-गुरू शिकून येतात. ऱ्हस्वाला U, दीर्घाला आडवी रेघ, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, यमाताराजभानसलगम् पाठ. मग कॉलेजात इंग्रजी ओळीवरही तसलीच खूण दिसते, अर्धचंद्र आणि रेघ. झालं! पोरगं खुशीत, हे तर येतंय आपल्याला. आणि दीर्घ स्वर दिसेल तिथे रेघ ओढत सुटतं. खूण दिसायला तीच, पण इंग्रजीत ती लांबी दाखवत नाही. त्या सिलॅबलवर, म्हणजे शब्दाच्या एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर आहे का, एवढंच दाखवते.

उदाहरण बघा. 'मनी', पैसे या अर्थी. मराठी डोळ्याने बघितलं तर म लघु, नी गुरू. पण इंग्रजीत जोर म वर आहे. 'सिटी' तसंच. 'पिलो' तसंच, 'लो' लांब आहे पण जोर 'पि'वर. लांबी एकीकडे, जोर दुसरीकडे. पटत नसेल तर उलटं म्हणून बघा, म-नीऽ, पि-लोऽ. साहेबाला कळायचं नाही.

अजून नाही कळलं? दुसऱ्या बाजूने येऊ. हे तीन शब्द माझ्यामागून मोठ्याने म्हणा आणि जोराच्या जागी टाळी द्या. फोटोग्राफ, टाळी 'फो'वर. फोटोग्राफी, टाळी सरकली, 'टो'वर. फोटोग्राफिक, आता 'ग्रा'वर. शब्द एकाच घरातले, जोर मात्र दर वेळी जागा बदलतो. आपण मराठी माणसं चारही सिलॅबल सारख्याच वजनाने म्हणतो, फो-टो-ग्रा-फी, पोलीस परेडसारखं. म्हणून आपल्याला मीटर ऐकूच येत नाही. तो वहीत शोधून सापडणार नाही, आधी तोंडात यायला पाहिजे.

आता ओळ घेऊ. शेक्सपिअरची सॉनेट्स १६०९ साली छापली गेली, त्यातल्या अठराव्याची पहिली ओळ: शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे. खानापूरकडची एक मुलगी क्लासला यायची, तिने इंग्रजी ओळीवर बारीक अक्षरात देवनागरी लिहून काढली होती आणि पेन्सिलने एकेक अक्षर टिकमार्क करून मोजत होती. पंधरा येतायत म्हणे, दहाच पाहिजेत ना? बरोबर, पंधराच येणार. 'कम्पेअर' देवनागरीत चार अक्षरं दिसतात, पण सिलॅबल दोनच, कम आणि पेअर. 'समर्स' तीन अक्षरं, सिलॅबल दोन. मी तिला हनुवटीखाली हात धरायला लावला. जबडा जितक्या वेळा खाली येतो तितके सिलॅबल. दहा आले. देवनागरी खोडून टाक म्हटलं.

आता दोन-दोनच्या जोड्या. शॅल-आय, कम-पेअर, दी-टू, अ-सम, मर्स-डे. प्रत्येक जोडीत दुसऱ्यावर जोर: आय, पेअर, टू, सम, डे. हलका-जड अशी जोडी म्हणजे आयाम्ब. पाच जोड्या म्हणून पेंटामीटर. उलटी जोडी, जड-हलका, म्हणजे ट्रोकी. दोन हलके एक जड, अ‍ॅनापेस्ट. एक जड दोन हलके, डॅक्टिल. बास.

इथे एक हुशार प्रेक्षक विचारतात, बोलताना 'टू'वर कोण एवढा जोर देतं? बरोबर आहे तुमचं. कोणी देत नाही. मीटर हा ओळीच्या आतला ठेका. म्हणणारा त्यावरून थोडा इकडेतिकडे होतो आणि मजा त्यातच असते. तबला सम दाखवतो, गाणारा कधी आधी येतो कधी नंतर. पेपरात ठेका दाखवा, वाचताना माणसासारखं वाचा.

तिसरी बाजू, राइम, म्हणजे इंग्रजी यमक. 'मेकिंग-टेकिंग' राइम होतं. 'रनिंग-सिंगिंग' होत नाही, शेवट 'इंग'च असूनही. का? इंग्रजी राइम जोर असलेल्या स्वरापासून पुढे जुळावं लागतं. 'मे' आणि 'टे'पासून पुढे सगळं जुळलं. 'रनिंग', 'सिंगिंग'मध्ये जोराचा स्वरच वेगळा. बघा, पुन्हा जोरच. कन्नड मित्र ऐकत असतील तर त्यांना ठाऊक आहे, जुन्या कन्नड काव्यात प्रास ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरात सांभाळतात. आपलं यमक बहुतेक शेवटी. ज्याची त्याची शिस्त. एकाची पट्टी दुसऱ्याला लावली की पेपरात लाल रेघ.

आणि हो, कमेंटमध्ये बेळगाव म्हणायचं की बेळगावी यावर भांडू नका, मागच्या व्हिडिओखाली त्यातच साठ-सत्तर जण अडकले आणि मूळ प्रश्न राहून गेला. भांडायचंच असेल तर यावर भांडा: 'फोटोग्राफर'मध्ये जोर कुठे? गूगलला विचारून लिहू नका. तोंडाने म्हणा, टाळी द्या, मग लिहा.