४४२वी पलटण

(पडद्यावर: टाईप केलेलं एक सरकारी पान. कॅमेरा हळूहळू ओळींवरून खाली येतो.)

अमेरिकी लष्करात प्रत्येक पायदळ रेजिमेंटची एक कुंडली असते. उभारणी कुठे झाली, कुठल्या डिव्हिजनला (अनेक रेजिमेंटची मोठी तुकडी) जोडली, कोणत्या मोहिमांत लढली, किती मानपत्रं मिळाली, विसर्जन कधी झालं. जपानी वंशाच्या अमेरिकी तरुणांच्या ४४२व्या इन्फन्ट्री (पायदळ) रेजिमेंटची कुंडली काढली तर एका पानात मावते. उभारणी: १ फेब्रुवारी १९४३, कॅम्प शेल्बी, मिसिसिपी. मोहिमा: रोम-आर्नो, र्‍हाईनलँड, उत्तर अपेनाइन्स, पो नदीचं खोरं. विसर्जन: ऑगस्ट १९४६, हवाई.

या पलटणीबद्दल एक वाक्य हमखास सांगितलं जातं: संख्याबळ आणि सेवेचा काळ पाहता, अमेरिकी लष्करातली सर्वाधिक गौरवलेली तुकडी. वाक्य खरं आहे. पण तिच्या पदकांमध्ये सर्वांत मोठा वाटा पर्पल हार्टचा. शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याला मिळतं, ते हे पदक. त्यामुळे ही यादी वाचताना दर वेळी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: मागे किती उरले?

(दृश्य: होनोलुलू, १९४१. रस्त्यावरची दुकानं, उसाचे मळे.)

७ डिसेंबर १९४१. जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा हवाई बेटांवर तिथल्या नॅशनल गार्ड या स्थानिक राखीव दलाच्या पलटणींत शेकडो जपानी वंशाचे तरुण होते. निसेई म्हणजे दुसरी पिढी. आईबाप मजुरीसाठी जपानहून आलेले, मुलं अमेरिकेत जन्मलेली आणि म्हणून जन्मानेच अमेरिकी नागरिक. हल्ल्यानंतर याच मुलांनी किनार्‍यावर पहारे दिले. मग वर बसलेल्यांना शंका आली, की उद्या जपानी फौजा उतरल्या तर आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचं कसं?

पुढच्या काही महिन्यांत निसेई तरुणांची सैन्यभरतीतली वर्गवारीच बदलण्यात आली. त्यांना बसवलं ते शत्रुदेशाच्या परकीयांसाठी असलेल्या खान्यात. आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पश्चिम किनार्‍यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, शेती, दुकानं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेण्यात आलं. त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. छावण्या बांधून व्हायच्या होत्या, म्हणून कित्येक कुटुंबांना सुरुवातीला रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं. सान्ता अनिता आणि टॅनफोरान ही त्या रेसकोर्सची नावं.

हवाईत मात्र असं सरसकट उचलणं जमलं नाही. तिथे लोकसंख्येत तिघांमागे एकाहून जास्त जपानी वंशाचा. सगळ्यांना कोंडलं असतं तर बेटांचं कामकाजच बंद पडलं असतं.

(दृश्य: जहाजाच्या डेकवर उभे शिपाई.)

तरीही हवाईतल्या निसेई शिपायांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. जून १९४२ मध्ये चौदाशेंहून जास्त जणांना जहाजात बसवून मुख्य भूमीवर पाठवलं. त्यांची झाली १००वी इन्फन्ट्री बटालियन. तिला रेजिमेंट नव्हती. लष्कराच्या व्यवस्थेत बटालियन कुठल्या तरी रेजिमेंटच्या पोटात असते. ही सुटीच होती, कारण हिचं करायचं काय हेच ठरलेलं नव्हतं. पण विस्कॉन्सिनच्या थंडीत या मुलांनी सराव असा केला, की वरिष्ठांना मत बदलावं लागलं.

फेब्रुवारी १९४३ मध्ये निसेईंची पूर्ण रेजिमेंट उभी करायची घोषणा झाली. हवाईकडून दीड हजार स्वयंसेवक हवे होते. पुढे आले सुमारे दहा हजार. मुख्य भूमीवरच्या छावण्यांतून मात्र जेमतेम बाराशे. हा फरक बघून तेव्हा काहींनी नाकं मुरडली. पण काटेरी तारांच्या आत बसलेल्या मुलासमोर सरकारने एक प्रश्नावली ठेवली होती. प्रश्न २७: हुकूम होईल तिथे लढायला तयार आहेस का? प्रश्न २८: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेशील का, आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडशील का? ज्याने सम्राटाला कधी मानलंच नाही, त्याने सोडायचं काय? बाराशे तरी कसे आले, हे खरं नवल. पुढे १९४४ मध्ये सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ तरुणांनी सांगितलं, आधी आमचे हक्क परत द्या, मग येतो. त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांनाही याच कहाणीत जागा द्यायला हवी.

(दृश्य: कॅम्प शेल्बी. पाईनची झाडं, लाकडी बराकी.)

कॅम्प शेल्बीत हवाईची मुलं आणि मुख्य भूमीची मुलं एकत्र आली, आणि पहिले काही महिने आपसातच हाणामार्‍या झाल्या. हवाईवाले मोकळेढाकळे, पैसा उधळणारे, गिटार वाजवणारे. मुख्य भूमीवाले गप्प, पगारातला डॉलर न् डॉलर घरी पाठवणारे. हवाईवाल्यांना ते आखडू वाटायचे.

पुढे सिनेटर झालेले डॅनियल इनोये तेव्हा याच पलटणीत होते. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. हवाईच्या काही मुलांना आर्कान्सातल्या रोवर इथल्या जपानी वस्तीचं आमंत्रण आलं. मुली असतील, नाचगाणं असेल, म्हणून सगळे इस्त्रीचे कपडे घालून, उकुलेले आणि गिटारी घेऊन निघाले. वाटभर गाणी. पोचल्यावर समोर दिसली काटेरी तारांची रांग, टेहळणी बुरूज, आणि त्यावरच्या मशीनगनची तोंडं आतल्या बाजूला. आतल्या कुटुंबांनी आपल्या रेशनमधून बाजूला काढलेलं पाहुण्यांना खाऊ घातलं, झोपायला स्वतःच्या खोल्या देऊ केल्या. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. इनोये सांगायचे, प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता: मी या तारांच्या आत असतो, तर भरती झालो असतो का? त्यानंतर हाणामार्‍या थांबल्या.

(दृश्य: इटलीचा नकाशा.)

१००वी बटालियन आधीच युद्धात उतरली होती. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नो, आणि १९४४ च्या सुरुवातीला मॉन्टे कसिनो. ३४व्या डिव्हिजनबरोबर रॅपिडो नदीच्या गोठलेल्या चिखलातून डोंगरावर चढताना तिची इतकी माणसं पडली, की वार्ताहर तिला ‘पर्पल हार्ट बटालियन’ म्हणू लागले. कसिनोच्या त्याच डोंगरावर फेब्रुवारीत ३४व्या डिव्हिजनची जागा घ्यायला आली, ती आपली चौथी इंडियन डिव्हिजन.

जूनमध्ये रोमच्या उत्तरेला ४४२वी येऊन पोचली आणि १००वी बटालियन तिच्यात सामील झाली. जुलै १९४४ मध्ये टस्कनीच्या टेकड्यांवर ही पलटण जर्मनांशी झुंजत होती. त्याच महिन्यात पूर्वेला, टायबर नदीच्या वरच्या खोर्‍यात, ब्रिटिश आठव्या सैन्यातली ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. १० जुलैला तिथे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक मूळचा रायगडचा, दुसरे हवाईच्या उसाच्या मळ्यांतले. दोघंही अशा सरकारासाठी लढत होते, ज्याने त्यांच्या माणसांना बरोबरीचं मानलेलं नव्हतं.

(दृश्य: व्होज पर्वत. पाऊस, धुकं, उंच झाडी.)

आता ऑक्टोबर १९४४, पूर्व फ्रान्स. ४४२वी इथे टेक्सासच्या ३६व्या डिव्हिजनला जोडलेली. डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल जॉन डालक्विस्ट. पलटणीने ब्रुयेर गाव घेतलं, मग बिफोन्तेन. इथलं जंगल वेगळ्याच तर्‍हेने जीव घ्यायचं. जर्मन तोफगोळे जमिनीवर पडायच्या आधी झाडांच्या शेंड्यांवर फुटायचे आणि लोखंडाबरोबर लाकडाच्या सुर्‍याएवढ्या ढलप्या खाली यायच्या. खंदकात पालथं पडून उपयोग नाही, मार वरून. बुटात सतत पाणी, त्यामुळे पाय सुजून काळे पडायचे.

आठवड्याहून अधिक लढून पलटणीला दोन दिवस विश्रांती मिळाली असेल-नसेल, तोवर नवा हुकूम आला. १४१व्या रेजिमेंटची पहिली बटालियन पुढे घुसली होती आणि २४ ऑक्टोबरपासून चारी बाजूंनी वेढली गेली होती. आत सुमारे पावणेतीनशे टेक्सासवाले. अन्न नाही, पाणी खड्ड्यातलं. आपल्याच तोफांतून चॉकलेट भरलेले गोळे त्यांच्याकडे टाकून पाहिले. त्यांच्याच रेजिमेंटच्या बाकी बटालियन पोचू शकल्या नाहीत. तेव्हा ४४२वीला पाठवलं.

२७ ऑक्टोबरला पहाट व्हायच्या आत पलटण निघाली. अंधार इतका, की पुढच्याच्या पाठीवरची पिशवी धरून चालायचं. वाट एका अरुंद डोंगरधारेवरून, दोन्हीकडे उतार, समोर सुरुंग आणि मशीनगन. वळसा घालायला जागाच नव्हती. डालक्विस्ट मागून रेटत होते, पुढे सरका, पुढे सरका. २९ तारखेला आय आणि के कंपन्या थेट चढावर तुटून पडल्या. अधिकारी एकामागून एक पडत गेले, शेवटी सार्जंट कंपन्या चालवत होते.

३० ऑक्टोबरच्या दुपारी आय कंपनीचे मट साकुमोटो वेढलेल्या खंदकांपाशी पोचले. त्यांच्याकडे भाषण काही तयार नव्हतं. त्यांनी समोरच्या टेक्सासवाल्याला सिगारेट हवी का, एवढंच विचारलं.

वाचलेले: २११. आणि वाचवणार्‍यांचं? त्या लढाईत ४४२वीचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे ८०० हा आकडा नेहमी दिला जातो. आय कंपनीत लढायला उभे राहतील असे आठ जण राहिले. के कंपनीत सतरा. भरलेल्या रायफल कंपनीत दीडशेहून जास्त माणसं असतात.

(दृश्य: मोकळं मैदान, नोव्हेंबर. ओळीत उभे शिपाई, मधे मोकळ्या जागा.)

१२ नोव्हेंबरला डालक्विस्टनी पलटणीचे आभार मानायला संचलन बोलावलं. समोरची विरळ रांग बघून ते चिडले. सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं, बाकीचे कुठे आहेत? लेफ्टनंट कर्नल व्हर्जिल मिलर यांनी उत्तर दिलं: के कंपनीत उरलेत ते एवढेच, सर.

डालक्विस्टनी या मुलांना मुद्दाम तोफेच्या तोंडी दिलं का? पलटणीतल्या अनेकांनी जन्मभर तसंच मानलं. इतिहासकारांत एकमत नाही. काही म्हणतात, तो जनरल आपल्या सगळ्याच माणसांना असाच रेटत असे. मला वाटतं, वंशाचा विचार त्याच्या मनात असो-नसो, दमलेल्या पलटणीला दोन दिवसांत परत त्याच जंगलात ढकलणं हा हिशेब लष्करी दृष्टीनेही वाईट होता.

आणि त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस, ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावात, कोर्टाच्या भिंतीवर लावलेल्या सैनिकांच्या सन्मानफलकावरून अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने सोळा निसेई सैनिकांची नावं पुसली. देशभर टीका झाल्यावर ती पुढच्या वर्षी परत लिहावी लागली.

(दृश्य: रिव्हिएराचा किनारा, मग अपेनाइन्सचे उघडे कडे.)

हिवाळा फ्रान्स-इटलीच्या सीमेवर तसा निवांत गेला. मार्च १९४५ मध्ये जनरल मार्क क्लार्क यांनी पलटणीला गुपचूप इटलीत परत बोलावलं. समोर जर्मनांची गॉथिक रेषा, म्हणजे डोंगरांतली बचावफळी. कृष्णवर्णीयांची ९२वी डिव्हिजन तिथे कित्येक महिने अडलेली. ४४२वी तिलाच जोडली. म्हणजे वेगळ्या ठेवलेल्यांबरोबर वेगळे ठेवलेले. एका बटालियनने रात्रीच्या अंधारात फोल्गोरितोचा जवळजवळ ३,००० फुटांचा कडा चढला. बोलायचं नाही, काडी ओढायची नाही. हात सुटून खाली गेलेल्यांनीसुद्धा ओरड केली नाही, असं सोबत्यांनी सांगून ठेवलंय. ५ एप्रिलच्या पहाटे हल्ला झाला आणि जर्मनांचे महत्त्वाचे मोर्चे ३२ मिनिटांत हाती आले.

त्याच दिवशी सेराव्हेत्साजवळ सदाओ मुनेमोरी यांनी सोबत्यांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर अंग टाकलं. त्यांच्या घरचे मांझानारच्या छावणीत होते. चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, इटलीच्या दुसर्‍या टोकाला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीतून, सुरुंगांतून पाठीवर आणलं आणि परत जाऊन मशीनगनचे मोर्चे एकट्याने मोडले. बंधार्‍यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी बाकीच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन ते अहमदनगर जिल्ह्यात परतले.

इनोये यांचा उजवा हात २१ एप्रिलला गेला. युद्ध संपायला तीन आठवडे नव्हते.

(दृश्य: वॉशिंग्टन, १५ जुलै १९४६. पाऊस, छत्र्या.)

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी भर पावसात पलटणीची मानवंदना घेतली. तुम्ही शत्रूशीच नव्हे, पूर्वग्रहाशीही लढलात आणि जिंकलात, असं ते म्हणाले. जिंकलात हे जरा घाईचं होतं. गणवेशातल्या, हाताच्या जागी आकडा बसवलेल्या इनोये यांना सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका न्हाव्याने, आम्ही जपान्यांचे केस कापत नाही, म्हणून दारातून परत पाठवलं होतं.

युद्धानंतर पलटणीत सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं ते एकट्या मुनेमोरी यांना. त्याखालच्या पदकाचे मानकरी मात्र पन्नासहून अधिक. हे प्रमाण विचित्र आहे, हे सरकारला मान्य व्हायला अर्धशतक लागलं. १९९६ च्या कायद्याने जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि जून २००० मध्ये या पलटणीच्या आणखी २० जणांना ते पदक दिलं गेलं. बहुतेकांची पदकं घरच्यांनी घेतली. व्हाईट हाऊसमध्ये जातीने आलेल्यांत इनोये होते. तोवर ते तीन दशकांहून जास्त काळ सिनेटर होते. १९८८ मध्ये छावण्यांबद्दल माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देणारा कायदा झाला, त्यामागे ते आणि १००व्या बटालियनचे स्पार्क मात्सुनागा, दोघेही होते.

रेजिमेंट म्हणून ४४२वी आता नाही. तिचं नाव चालवते ती १००वी बटालियन, होनोलुलूच्या फोर्ट शाफ्टरमध्ये. अमेरिकी लष्कराच्या राखीव दलातली एकमेव पायदळ तुकडी. २००५ मध्ये ती इराकमध्ये होती. तिच्या कंपन्यांत आता अमेरिकन सामोआ, ग्वाम आणि सायपानची मुलं असतात.