इन्शुलिन दिसतंय, पण बनवलं कोणी?

(दृश्य: अंधारी खोली, सूक्ष्मदर्शकाचा पडदा)

हा उंदराच्या स्वादुपिंडाचा पातळ काप. त्यावर निळा प्रकाश सोडला, की काळोखात हिरवे पुंजके उजळतात. ही लँगरहॅन्सची बेटं. 1869 साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं. त्या कशासाठी आहेत, हे त्याला उमगलं नव्हतं.

हिरवं दिसतंय ते इन्शुलिन. खरं तर त्याला जाऊन चिकटलेली अँटीबॉडी, म्हणजे परका पदार्थ ओळखून नेमकं त्यालाच चिकटणारं शरीराचं प्रथिन, आणि त्या अँटीबॉडीला जोडलेला चमकणारा रंग. असा रंग जोडता येतो, हे 1941 मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवर दाखवून दिलं. इन्शुलिनसाठी ही अँटीबॉडी पुष्कळदा गिनीपिगकडून मिळवतात. गिनीपिगचं स्वतःचं इन्शुलिन इतर सस्तन प्राण्यांपेक्षा बरंच वेगळं असतं, त्यामुळे माणसाचं किंवा गाईचं इन्शुलिन टोचलं की त्याचं शरीर ते परकं म्हणून चटकन ओळखतं.

(दृश्य: काचेच्या ताटलीत वाढणाऱ्या पेशी)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेशी हिरवी झाली, म्हणजे तिने इन्शुलिन बनवलं का?

2001 साली अमेरिकेतल्या एका गटाने उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात) इन्शुलिन असलेल्या पेशी मिळाल्याचं जाहीर केलं. टाइप 1 मधुमेहात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. त्या रुग्णांसाठी याहून मोठी आशा कोणती? दोनच वर्षांनी हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेने त्या पद्धतीने वाढवलेल्या पेशी पुन्हा तपासल्या. पेशी वाढवायच्या द्रवात आधीपासूनच इन्शुलिन घातलेलं होतं. पेशींनी तेच शोषून घेतलं होतं. अँटीबॉडीने आपलं काम चोख केलं होतं. इन्शुलिन कुठे आहे ते तिने सांगितलं. ते कुठून आलं, हे सांगणं तिच्या हातातच नव्हतं.

यावरचा उपाय पेशीच्या आतच आहे, आणि तो मला फार देखणा वाटतो. इन्शुलिन थेट तयार होत नाही. आधी 86 अमिनो आम्लांची एक सलग साखळी बनते, प्रोइन्शुलिन. 1967 मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी ती शोधली. पेशी ही साखळी कापते. दोन्ही टोकं मिळून 51 अमिनो आम्लांचं इन्शुलिन होतं आणि मधला 31 चा तुकडा सुटा होतो; जोडांवरची उरलेली चार कापताना गळून जातात. हा मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. द्रवात घातलेल्या शुद्ध इन्शुलिनसोबत हा तुकडा येत नाही. तो पेशीत सापडला, तर ती साखळी तिथेच कापली गेली असं मानायला भक्कम आधार मिळतो.

म्हणून आता मूलपेशींच्या कामात चमकणारी अँटीबॉडी सी-पेप्टाइडविरुद्ध वापरतात. पेशी आधी रसायनाने स्थिर करतात आणि त्यांच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पाडतात, कारण हा तुकडा आतल्या कणिकांमध्ये असतो. मग अँटीबॉडी घालून पेशी धुतात आणि फ्लो सायटोमीटर या प्रत्येक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या लेझरसमोरून एकेक करून सोडतात. शेजारच्या नळीत त्याच पेशी असतात, पण सी-पेप्टाइडशी काही संबंध नसलेली अँटीबॉडी घातलेल्या. ती नळीही तेवढीच चमकली, तर पहिलीचा आकडा बाद.

रुग्णांच्या बाबतीतही हाच तुकडा कामी येतो. टाइप 1 च्या रुग्णाच्या रक्तात टोचलेलं इन्शुलिन असतंच, त्यामुळे त्याचं स्वतःचं किती उरलंय हे जाणून घ्यायला डॉक्टर सी-पेप्टाइड मोजतात. मूलपेशींपासून बनवलेली बेटं आता काही रुग्णांमध्ये बसवली गेली आहेत. ती काम करू लागली की नाही, हेही रक्तातल्या सी-पेप्टाइडवरूनच पाहिलं जातं.