पाण्यात पाय सोडून बसलेलं चर्च

नमस्कार मंडळी! आज जरा बोस्टनला जाऊया, कोपली स्क्वेअरमधलं ट्रिनिटी चर्च बघायला. एपिस्कोपल पंथाचं चर्च, म्हणजे मूळ इंग्लंडच्या चर्चचंच अमेरिकेतलं घराणं म्हणा ना. इथली मंडळी 1733 पासूनची, पण त्यांचं समर स्ट्रीटवरचं आधीचं चर्च 1872 च्या बोस्टनच्या मोठ्या आगीत जळालं. नव्या चर्चसाठी जागा कुठली, तर बॅक बे, म्हणजे खाडीत भराव टाकून केलेली जमीन, आपल्या मुंबईसारखीच!

आता भरावावर एवढं दगडी धूड उभं कसं करायचं? तर आर्किटेक्ट हेन्री हॉब्सन रिचर्डसन, त्याने खाली साधारण 4500 लाकडी खांब ठोकून घेतले, मधल्या टॉवरखाली ग्रॅनाइटचे चार पिरॅमिड रचले, आणि त्यावर चर्च चढवलं. बरं लाकूड कुजत नाही का? गंमत हीच आहे, लाकूड पूर्ण पाण्यात बुडालेलं असलं की हवा लागत नाही, त्यामुळे टिकतं, कुजतं ते पाणी खाली गेलं की. आपल्याकडे जुनी माणसं विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालायची, ते ऐकलं असेलच. म्हणजे या चर्चला ओल चालते, कोरड चालत नाही!

टॉवरचं डिझाइनसुद्धा वजनापायी बदललं, आधीचा उंच टॉवर जमिनीला झेपला नसता, मग स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या कॅथेड्रलवरून कल्पना घेऊन ठेंगणा, रुंद टॉवर केला. मला विचाराल तर बरंच झालं, तो बैठा भारदस्तपणाच या चर्चची ओळख झाली आणि त्या शैलीला पुढे रिचर्डसनचंच नाव चिकटलं.

1877 मध्ये चर्च खुलं झालं. तेव्हाचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, फिलिप्स ब्रुक्स मोठे नावाजलेले वक्ते, त्यामुळे आतला प्लॅनही एका मोठ्या दालनासारखा, मध्ये फार खांब नाहीत. भिंती मात्र चित्रकार जॉन ला फार्जने लाल रंगात अशा रंगवल्यात की बाहेरच्या करड्या-तपकिरी दगडांवरून आत असं काही असेल अशी शंकाही येत नाही.

पुढे 1970 च्या आसपास शेजारी हॅनकॉक टॉवर या गगनचुंबी इमारतीसाठी खोल खड्डा खणला, तेव्हा जमीन सरकून चर्चला तडे गेले, प्रकरण कोर्टात गेलं आणि चर्चला भरपाई मिळाली. बॅक बेमध्ये ठिकठिकाणी बोअर आहेत, जमिनीखालचं पाणी किती खाली गेलंय ते आजही त्यातून मोजतात.