मागच्या सीटवरून

नमस्कार श्रोतेहो.

आमचा सात जणांचा गट आहे, पुण्याचा. सहा पुरुष आणि मी. लडाख झालं, स्पिती झालं, आणि पावसाळ्यात एखादा तरी कोकणातला घाट ठरलेलाच. प्रत्येकाची स्वतःची बुलेट, आणि आपल्या गाडीला दुसऱ्यानं किक मारलेली एकालाही खपत नाही. असे आम्ही गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात, 'हा जांग' नावाच्या भागात, चार दिवस मोटरसायकलवर फिरलो. आणि चारही दिवसांत हँडलला हात लावला नाही.

कारण कागदाचं. आपल्या आरटीओत मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम मानतं तो १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. त्यामुळे पन्नास सीसीवरची गाडी तिथे आपल्या परवान्यावर चालवता येत नाही. भाड्यानं गाडी देणारे काही विचारत नाहीत, पैसे घेतात आणि किल्ली हातावर ठेवतात. पण पोलिसानं अडवलं तर दंड आपल्याला, आणि पडलो तर विमावाले आधी परवाना मागणार. एवढी साधी गोष्ट आम्हाला कळली विमानाची तिकिटं काढून झाल्यावर. कळली तेव्हा ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं.

तोडगा तिथल्याच लोकांचा होता. गाडी आणि चालवणारा, दोन्ही भाड्यानं. चालवणारा गावचा पोरगा, आपण मागे. या मोटरसायकल-टॅक्सीला व्हिएतनामी भाषेत 'से ओम' म्हणतात. 'से' म्हणजे गाडी, 'ओम' म्हणजे मिठी मारणं. मिठीची गाडी! आमचे सहा पुरुष अर्थातच मिठी मारायला तयार नव्हते. एक जण म्हणाला, "कॉलेज सुटल्यापासून मी कुणाच्या मागे बसलेलो नाही."

मी बसले होते ना! बुलेट शिकले एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधीची वीस वर्षं डबलसीट, त्यातली निम्मी साडीत, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. तेव्हा हा जांगच्या पेट्रोल पंपावर मी शिकवणी घेतली. वळणावर अंग उलटीकडे टाकायचं नाही. ज्या बाजूला गाडी झुकते त्या खांद्यावरून पुढे बघायचं. आणि चालवणाऱ्याचे खांदे धरायचे नाहीत, मागचा कॅरियर धरायचा.

शिकवणं सोपं असतं. पहिल्याच घाटात, समोरून सिमेंटचा ट्रक येताना, माझा उजवा पाय फूटरेस्टवर कचकन दाबला गेला. परत वळण, परत दाबला. त्यात वाहतूक उजव्या बाजूनं, म्हणजे प्रत्येक वळणाला डोकं ओरडतं की आपण चुकीच्या बाजूला आहोत. पुढच्या चहाच्या टपरीवर माझ्या चालकानं, असेल पंचविशीचा, फोन काढला, काहीतरी बोलला आणि तो माझ्यापुढे धरला. फोन मराठीत म्हणाला, "आत्या, ब्रेक माझ्याकडे आहे." त्यांच्यात अनोळखी बाईला आत्याच म्हणतात. मग चारही दिवस मी सगळ्यांचीच आत्या झाले.

हनोईपासून हा जांग तीनशे किलोमीटर, आणि तिथून पुढे डोंगरातून गोल फिरून परत यायचं, आणखी सुमारे साडेतीनशे. कागदावर हा जांग प्रांत आता नाही, १ जुलै २०२५ ला तो तुयेन क्वांगमध्ये विलीन झाला. पण लोकांच्या तोंडी हा जांगच. चुनखडीचे काळे सुळके, करवतीच्या दात्यांसारखे. दगडाच्या ज्या खळग्यात ओंजळभर माती मावेल तिथे मक्याचं ताट उभं. माती नसली तर पाठीवरच्या टोपलीतून आणून टाकतात. हे मी बुलेट चालवत असते तर दिसलं नसतं, कारण माझी नजर रस्त्यावरच्या खडीवर असती. मागे बसल्यामुळे तिथल्या ह्मोंग जमातीच्या एका म्हाताऱ्या बाईचा हातही दिसला. तिनं दगडात बोट घालून माती किती आहे ते चाचपलं आणि पुढच्या खळग्याकडे गेली. बस्स, एका वळणापुरतं. रात्री ज्या घरात उतरलो तिथे त्याच मक्याच्या कण्या वाफवून पुढे आल्या, त्याला 'मेन मेन' म्हणतात. आमच्यातल्या एकट्या शाकाहाऱ्यानं त्यावर शेंगदाण्याची चटणी घातली आणि डोळे मिटून खाल्लं. बाकीच्यांनी मक्याची दारू, "मोत, हाय, बा, झो!" म्हणजे एक, दोन, तीन, होऊन जाऊ दे. त्याबद्दल रेडिओवर एवढंच.

तिसऱ्या दिवशी मा पी लेंग. डोंग वान आणि मेओ वाक या गावांच्या मधला वीसेक किलोमीटरचा घाट, खाली न्यो क्वे नदी, हिरवी, एखाद्या फितीएवढी दिसते. हा घाट ज्या रस्त्यावर आहे तो १९५९ ते १९६५ या काळात बांधला, सगळा मिळून १८५ किलोमीटरच्या आसपास. बांधणारी डोंगरातल्या वेगवेगळ्या जमातींची तरुण मुलं-मुली. हातात घण, पहार, सबल. मा पी लेंगचा कडा फोडायला पोरं दोराला लटकून काम करत होती, अकरा महिने. रस्त्याचं नाव 'हान फुक', म्हणजे सुख. घाटात त्यांचं स्मारक आहे. तिथे थांबल्यावर मला आपला बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. घाटाची वाट साहेबाला दाखवली आणि जीव गमावला, अशी त्या धनगराची दंतकथा. जाता-येता त्याच्यापुढे नाणं टाकायची रीत. आपल्याकडे एकाचं देऊळ झालं, तिथे शेकड्यांचा पुतळा. माझ्या खिशात नाणंच नव्हतं, व्हिएतनाममध्ये सगळ्या नोटाच, जेवणाचं बिलसुद्धा लाखात. मी हात जोडले. माझ्या चालकानं सिगारेट पेटवून पायथ्याशी ठेवली.

उतारावर धुकं आलं. पुढची गाडी दिसेना, फक्त हॉर्न ऐकू यायचे, प्रत्येक वळणाआधी एक, छोटा. तेव्हा मात्र सहाही पुरुषांनी निमूट मिठ्या मारल्या. मी पाहिलं नाही, धुकं होतं. पण मेओ वाकला पोचल्यावर एकाचंही तोंड वर नव्हतं.

मुंबईला उतरलो तेव्हा पहाट होती. पुण्याला यायला टेम्पो ट्रॅव्हलर सांगितला होता. मुद्दाम जुन्या रस्त्यानं घ्यायला लावला. शिंग्रोबाशी ड्रायव्हरनं काच खाली करून नाणं टाकलं, आणि पुढच्याच वळणाला समोरून लाल डबा आला. माझा उजवा पाय कचकन खालच्या पत्र्यावर. आवाज झाला.

मागच्या सीटवरून कुणीतरी झोपेतच म्हणालं, "आत्या, ब्रेक त्याच्याकडे आहे."