जीन शाबूत, पण बंद

ही नळी बघा. रक्त सेंट्रीफ्यूजमधून फिरून आलंय, वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी, आणि दोघांच्या मधे हा जो पातळ पांढरट थर दिसतोय ना, आपल्याला हवाय तो एवढाच. पांढऱ्या पेशींचा थर. ब्रेस्ट कॅन्सरची गाठ होते स्तनात, मग रक्तात काय शोधताय असं कुणीही विचारेल, बरोबरच आहे, पण थोडं थांबा.

आधी ह्या काचपट्ट्या बघू. सगळ्या ब्रेस्ट कॅन्सरच्याच. पहिलीत पेशींची केंद्रकं तपकिरी रंगलीत, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारी प्रथिनं, आहेत, इथे हार्मोन थेरपीचा उपयोग होतो. आता ही शेवटची. ईआर नाही, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर नाही, हर टू नावाचं पेशीवरचं प्रथिन पण नाही. ट्रिपल निगेटिव्ह. 100 ब्रेस्ट कॅन्सरमधले साधारण 10 ते 15 असे असतात, तुलनेने कमी वयात जास्त दिसतात आणि भराभर वाढतात. आपण सगळ्याला सरसकट ब्रेस्ट कॅन्सर म्हणतो, पण धोका कशामुळे वाढतो हे प्रत्येक प्रकाराचं वेगळं असू शकतं, आणि हे लोकांपर्यंत पोचतच नाही.

बीआरसीए वन ह्या जीनचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. 1990 मध्ये अमेरिकन संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी तो 17व्या क्रोमोझोमवर आहे हे दाखवलं, 1994 मध्ये जीन प्रत्यक्ष हाती लागला. तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामात हा जीन लागतो. त्यात जन्मतः म्युटेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांमध्ये बदल, असेल तर कॅन्सरचा धोका खूप वाढतो, आणि होणारा कॅन्सर बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्ह असतो. म्हणून टेस्ट करतात, म्युटेशन सापडत नाही, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपायला नको, एवढंच ह्या व्हिडिओत सांगायचंय.

ह्या अ‍ॅनिमेशनमध्ये डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) जशीच्या तशी आहेत, एकही बदललेलं नाही. पण जीनच्या सुरुवातीला, जिथून तो चालू होतो त्या भागात, सी अक्षरावर हे छोटे ठिपके येऊन बसतायत. एक कार्बन, तीन हायड्रोजन, मिथाइल ग्रुप. असे बरेच एकत्र बसले की पेशीला तो जीन वाचता येत नाही. पान फाटलेलं नाही, पण शेजारच्या पानाला घट्ट चिकटलंय, असं समजा. आणि म्युटेशनची टेस्ट फक्त अक्षरं बघते, त्यामुळे तिला हे दिसतच नाही.

मग दिसतं कसं? आता परत लॅबमध्ये. पांढऱ्या पेशींमधून काढलेला हा डीएनए, त्यात सोडियम बायसल्फाइट घातलं जातंय. ही पद्धत 1992 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी मांडली, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकारातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे. ज्या सीवर मिथाइल नाही त्याचं बायसल्फाइटमुळे यू होतं, पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढताना, ते टी म्हणून वाचलं जातं, आणि ज्या सीवर मिथाइल बसलंय ते सीच राहतं. म्हणजे जे डोळ्याला कधीच दिसलं नसतं ते चक्क अक्षरात उतरतं. नंतर डीएनए धुवायचा, कारण बायसल्फाइट उरलं तर पुढची स्टेप बिघडते, आणि डीएनएचे आधीच तुकडे झालेले असतात म्हणून हात फार जपून चालवावा लागतो. बघा, पिपेटचं टोक नळीच्या कडेला कसं टेकवलंय. शिवाय असं मिथाइल बसणं, म्हणजेच मिथिलेशन, रक्तातल्या थोड्याच पेशींमध्ये असतं, त्यामुळे तोच भाग हजारो वेळा वाचावा लागतो, तेव्हा कुठे स्क्रीनवर ह्या टीच्या गर्दीत सलग सी असलेली ही एक ओळ सापडते.

2022 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या बायकांचं आजार होण्याच्या आधी साठवून ठेवलेलं रक्त असंच वाचलं. बीआरसीए वनवर मिथिलेशन असलेल्यांमध्ये पुढे ट्रिपल निगेटिव्हचा धोका दुपटीहून जास्त निघाला, आणि निरोगी बायकांमध्येही साधारण 5 टक्क्यांमध्ये हे मिथिलेशन होतं. 2023 मध्ये त्यांनाच ते नवजात मुलींच्या नाळेतल्या रक्तातही सापडलं, म्हणजे आयुष्यात काय खाल्लं, काय केलं ह्याच्याही आधीपासून ते तिथे असू शकतं, आणि म्हणूनच स्तनात गाठ होण्याआधी ते रक्तात शोधता येतं. घरात कुणालाच नव्हता, मग हिला कसा, ह्या प्रश्नाचं निदान काही जणींपुरतं तरी हे उत्तर असू शकतं.

असं मिथिलेशन असलेल्या बहुतेकींना हा कॅन्सर कधीच होत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत ही टेस्ट अजून आलेली नाही. तोवर निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की त्यात काय तपासलंय आणि काय तपासलेलं नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारा.