कोणत्या वयात, कशाने?

श्रोतेहो, नमस्कार. जपानमध्ये १९८१ पासून सर्वाधिक मृत्यू कर्करोगाने होतात, तरी तिथलं आयुर्मान ८४ वर्षांच्या आसपास आहे. अमेरिकेत २०२१ साली ते ७६.४ वर्षांवर घसरलं. असं का, हे कळायला मृत्यूच्या कारणाशेजारी वय मांडावं लागतं.

आधी साधा हिशेब करू. २०२० साली भारतात हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावली. जपानमध्ये साधारण दोन. फरक २६ बाळांचा. ती वाचली असती तर प्रत्येकी सरासरी ७० वर्षं जगली असती, म्हणजे एकूण १,८२० वर्षं. ती हजार जणांत वाटा: केवळ तान्ह्या बाळांच्या मृत्यूंमुळे आयुर्मानात जवळजवळ दोन वर्षांची तफावत पडते. ऐंशीव्या वर्षी कर्करोगाने गेलेल्या माणसाची आठ-दहा वर्षंच हिशेबात येतात.

अमेरिकेचं दुखणं तरुणपणी आणि मध्यमवयात आहे. २०२१ साली कोविड होताच. शिवाय अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसं गेली. फेंटानिल हे अफूसारखं काम करणारं कृत्रिम वेदनाशामक दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं, आणि ते अनेकदा इतर गोळ्यांत मिसळलेलं असतं. बंदुकीच्या गोळीने ४८ हजारांवर मृत्यू झाले. पस्तिशीतल्या एका मृत्यूत चाळीसेक वर्षं बुडतात. हृदयविकारही तिथे लवकर गाठतो.

जपानमध्ये १९८० पर्यंत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. खारवलेली लोणची, सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण) यांतून मीठ फार जायचं. गावोगाव रक्तदाब तपासला, मीठ कमी करायला लावलं, १९६१ पासून सगळ्यांना आरोग्य विमा मिळाला. पन्नाशी-साठीतली माणसं वाचली. मला हे यश औषधांच्या कुठल्याही शोधाइतकं मोठं वाटतं.

पण असा हिशेब मांडायला मृत्यूचं कारण नीट लिहिलेलं हवं. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. त्यातही अनेकदा 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच लिहिलं जातं. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात वर तात्कालिक कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहायचं असतं: रक्तात जंतुसंसर्ग, तो पायाच्या गँगरीनमुळे, आणि गँगरीन मधुमेहामुळे. मोजणीत धरतात तो मधुमेह. म्हणून घरात कोणी गेलं, तर कोणता आजार किती वर्षं होता, गोळ्या कोणत्या चालू होत्या, तंबाखूचं व्यसन होतं का, हे डॉक्टरांना सांगा. जुने कागद सोबत न्या.